बडोद्याहून युरोपातल्या नातलगांकडे, लहान मूल घेऊन

जर्मनीतल्या आत्याचा फोन येतो, "या उन्हाळ्यात पिल्लूला घेऊन याच," आणि घरात लगेच तिकिटांचे भाव बघणं सुरू होतं. हा क्रम उलटा आहे. आधी मुलाचा जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग आत्याकडून यायचे कागद, मग व्हिसा. तिकीट सगळ्यात शेवटी. व्हिसाच्या अर्जासोबत आरक्षण जोडलं तरी चालतं, तेव्हा रद्द करता येईल असंच तिकीट धरून ठेवावं. मे महिन्यात निघायचं असेल तर डिसेंबरमध्ये कामाला लागा. गुजरातच्या शाळांना सुट्टी तेव्हाच असते आणि अहमदाबादच्या व्हिसा केंद्रातली गर्दीही त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांतली.

नावं जुळवा

बडोद्यातल्या मराठी घरांची एक खास अडचण असते. गुजरातेत कागदावर नाव चढताना त्याला 'भाई', 'बेन', 'कुमार' आपोआप चिकटतं. मग आईच्या पासपोर्टवर 'सुनीता', आधारवर 'सुनीताबेन' आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर 'सुनिताबेन' अशी तीन नावं तयार होतात. आपल्याला ती एकच बाई दिसते, पण व्हिसा अधिकाऱ्याला तसं दिसेलच असं नाही. आईवडिलांचे पासपोर्ट प्रमाण माना आणि मुलाचा दाखला त्यांच्याशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

दाखला हातात घेऊन दोन गोष्टी तपासा. एक, मुलाच्या नावाचा रकाना भरलेला आहे का. बारशाच्या आधी काढलेल्या दाखल्यात तो कोराच असतो आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. जन्मापासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. दोन, सगळा मजकूर इंग्रजीतही आहे का. फक्त गुजरातीतला जुना दाखला असेल तर महानगर सेवासदनाच्या (म्हणजे महापालिकेच्या) जन्ममृत्यू विभागातून नवा काढा.

पासपोर्टचं काम बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातच होतं, त्यासाठी अहमदाबादला जायला नको. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो. शुल्क १,००० रुपये, आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात दहा टक्के सूट. आईवडील दोघांच्या सहीचं 'परिशिष्ट डी' हे घोषणापत्र, दोघांचे मूळ पासपोर्ट आणि झेरॉक्स, जन्मदाखला एवढं लागतं. आईच्या पासपोर्टवर पतीचं आणि वडिलांच्या पासपोर्टवर पत्नीचं नाव चढलेलं असेल तर काम सुरळीत होतं. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो घरून न्यायचा असतो, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा.

या फोटोसाठी स्टुडिओत जाऊन फारसा उपयोग होत नाही, कारण बाळ फ्लॅश बघून रडतं. दूध पिऊन पंधरा-वीस मिनिटं झाली की खिडकीजवळ पांढरी चादर ताणून अंथरा, बाळाला त्यावर पाठीवर निजवा आणि वरून फोटो काढा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दोन्ही कान मोकळे. काजळ आणि गालावरची तीट आधी पुसा. आजींना ते रुचत नाही, पण काळ्या ठिपक्यापायी फोटो परत येतो. व्हिसाच्या फोटोत चेहरा सत्तर ते ऐंशी टक्के जागा भरणारा हवा, म्हणून जरा मोठा फोटो काढून नंतर कापून घ्यावा.

नातलगांकडून काय मागवायचं

युरोप म्हणजे एकच व्हिसा नव्हे. शेंगेन हा एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट, त्यात २९ देश आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात आणि चौकशी निघाली तर पंचेचाळीसपर्यंत जातात. म्हणून पंधरा दिवसांची मुदत कागदावरच ठेवा, प्रत्यक्षात अडीच-तीन महिने आधी अर्ज जायला हवा.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम सोपा आहे: जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार तिथे, दिवस सारखेच असतील तर जिथे आधी पाय ठेवणार तिथे. जर्मनीची तारीख मिळत नाही म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज टाकायचा सल्ला एजंट देतात. आत्या श्टुटगार्टला आणि व्हिसा भलत्याच देशाचा, याचं उत्तर विमानतळावर तुम्हाला द्यावं लागतं, एजंटाला नाही.

साध्या निमंत्रणपत्रावर विसंबू नका, कारण त्या त्या देशाचा एक सरकारी कागद असतो. जर्मनीत यजमानाने परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन तुमच्या खर्चाची हमी लिहून द्यायची असते, शुल्क २९ युरो. त्या कागदाचं जर्मन नाव उच्चारायचा प्रयत्न करू नका, 'हमीपत्र' म्हटलं की आत्याला कळतं. फ्रान्समध्ये राहण्याच्या सोयीचं प्रमाणपत्र नगरपालिका देते, ३० युरोत. नेदरलँड्सचा स्वतःचा फॉर्म आहे. हे कागद मूळ प्रतीतच लागतात, म्हणजे कुरिअरचा वेळ धरा. शिवाय तिकडच्या कार्यालयात आत्यालाही अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि ती चार-सहा आठवड्यांनंतरची मिळू शकते. खरा उशीर इथेच होतो.

नातं सिद्ध करायलाही कागदांची साखळी लागते. मुलाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा पासपोर्टवर आजोबांचं नाव, आत्याच्या जुन्या कागदावरही तेच आजोबा, आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तिचं विवाह प्रमाणपत्र. अर्ध्या पानावर वंशावळ काढून जोडली तर अधिकाऱ्याचं काम सोपं होतं. सोबत बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र आणि मूल शाळेत किंवा बालवाडीत जात असेल तर तिथलं पत्र द्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, ती उसनी असल्याचा संशय येतो.

अहमदाबादची फेरी

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा बहुतेक देशांचे अर्ज अहमदाबादच्या व्हीएफएस या कंपनीच्या व्हिसा केंद्रात घेतात. मुलाचा अर्ज, फोटो आणि अपॉइंटमेंट हे सगळं वेगळं असतं. तान्हं असलं तरी त्याच्या नावाने वेगळी वेळ घ्यावी लागते. इथे फार लोक चुकतात आणि दारातूनच परततात. शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहा वर्षांखाली काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे बारा वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. मोठ्यांचे आधी दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत चालतात.

मुलाच्या फॉर्मवर आईवडील दोघांच्या सह्या हव्यात. दोघांपैकी एकच जण सोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत लागते. आजी-आजोबांबरोबर नातवंडाला धाडायचं असेल तर आईवडील दोघांचंही संमतिपत्र हवं. या संमतिपत्राची एक प्रत विमानतळासाठी राखून ठेवा.

प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं, सर्व शेंगेन देशांत चालणारं आणि मुक्कामाचे सगळे दिवस व्यापणारं हवं. परतीची तारीख लांबू शकते, म्हणून चार-पाच दिवस जास्तीचे घ्या. पॉलिसीत मुलाचं नाव पासपोर्टप्रमाणेच छापलंय ना, तेही बघा.

मुंबई की अहमदाबाद

बडोद्याहून युरोपला थेट विमान नाही. अहमदाबाद विमानतळ गाडीने दोन-अडीच तासांवर, पण तिथून सहसा आखाती देशांत विमान बदलावं लागतं. उड्डाणं बरीचशी पहाटेची, म्हणजे रात्री अकराला झोपलेलं मूल उचलून न्यायचं, आखातात पुन्हा उठवायचं आणि युरोपात दुपारी किरकिरतं उतरवायचं. मुंबईहून फ्रँकफर्टचं थेट विमान साधारण नऊ तासांचं आणि बहुधा मध्यरात्रीनंतरचं. मूल तीन वर्षांखालचं असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी मुंबईच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. नऊ तासांपैकी सहा तास ते झोपतं, आणि तेवढ्यावर अख्खा प्रवास तरतो.

मुंबईला जायचं तर दुपारपर्यंत पोहोचणारी गाडी घ्या. बडोद्याहून चार-पाच तास लागतात. बोरिवलीला थांबणारी गाडी असेल तर तिथेच उतरा, विमानतळ तिथून जवळ पडतो. संध्याकाळी विमानतळालगत चार-पाच तासांसाठी खोली घ्या: मुलाची आंघोळ, वरणभात, रात्रीचे कपडे, आणि मग टर्मिनलवर. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र आदल्या दिवशीच मुंबई गाठा. पालघर-वसई-विरारच्या पट्ट्यात रुळांवर पाणी आलं की पश्चिम रेल्वे अडकते.

तिकिटाचा एक सापळा आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर बसवलं तर भाडं प्रौढाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पडतं, पण वय प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मोजतात. मुक्कामात दुसरा वाढदिवस आला तर परतीला पूर्ण सीट घ्यावीच लागते. पाळणा पुढच्या भिंतीसमोरच्या सीटांनाच लागतो, संख्येने मोजका असतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. तिकीट काढलं त्याच दिवशी विमान कंपनीला फोन करून मागा. मात्र विमान हलू लागलं आणि पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला पाळण्यातून उचलावं लागतं, मग ते कितीही गाढ झोपलेलं असो. आठ महिन्यांच्या बाळाला पाळणा उपयोगी, दीड वर्षांच्या चालत्या मुलाला नाही. त्याच्यासाठी वेगळी सीट घ्या.

हातातली पिशवी

घरापासून घरापर्यंत वीस-बावीस तास धरा. त्या हिशेबाने बारा डायपर, ओल्या वाइप्सचे दोन पुडे, मुलाचे कपड्यांचे दोन जोड आणि आईवडिलांचा प्रत्येकी एक सदरा. हा शेवटचा सगळे विसरतात, आणि उलटी नेमकी मांडीवर घेणाऱ्याच्या अंगावर होते. प्रत्येक जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा. ओले कपडे त्याच पिशवीत परत जातात. दोन डायपर, थोडे वाइप्स आणि एक प्लॅस्टिक एका छोट्या थैलीत सीटसमोरच्या कप्प्यात असू द्या, कारण विमानाच्या शौचालयात मोठी बॅग आणि मूल एकाच वेळी मावत नाही.

हातातल्या सामानात द्रवपदार्थाची १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि अन्नाला लागू नाही, मात्र तपासणीच्या वेळी ते बाहेर काढून दाखवा. डब्याचं दूध असेल तर एकेका वेळची पावडर मोजून कोरड्या डब्यांत भरा. पाणी विमानात गरम मिळतं. पावडर किमान ७० अंशांच्या पाण्यात मिसळायची, मग बाटली थंड पाण्याच्या ग्लासात धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. उरलेलं दूध दोन तासांनी फेकून द्या.

मोठ्या मुलांसाठी थेपले आहेतच. दही न घालता तेलावर केलेले थेपले प्रवासात टिकतात, सांडत नाहीत, वासही मारत नाहीत. दही घातलेले असतील तर मात्र ते विमान उतरण्याआधी संपवा.

याचं कारण युरोपीय संघाचा नियम. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर सगळं यात आलं. आत्यासाठी दुलीरामचे पेढे न्यायची इच्छा कितीही असली तरी ते बडोद्यातच खावेत. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांनाही रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त केळी, नारळ, खजूर, अननस आणि दुरियन या पाच फळांना. तान्ह्यांच्या दुधाची पावडर आणि बालआहार माणशी दोन किलोपर्यंत चालतो, पण बंद कंपनी पॅकमधला आणि उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवावा न लागणारा. द्यायला भाकरवडी, लीलो चिवडो, मसाले, पापड न्या. त्यात दूध नाही की मांस नाही.

कान आणि औषधं

विमान उतरताना मुलं रडतात ती कानामुळे. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. खाली येताना तो वाढतो आणि मुलांच्या कानापासून घशाकडे जाणारी नळी अरुंद असल्यामुळे पडदा आत ओढला जातो. गिळलं की नळी उघडते. उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागतं, तेव्हाच अंगावर पाजा, बाटली द्या किंवा मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्या. चाकं टेकायच्या वेळी फार उशीर झालेला असतो. मूल झोपलं असेल तर त्याआधी हलकेच जागं करा. सर्दी भरलेली असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवा.

झोप यावी म्हणून सर्दीचं औषध देण्याची युक्ती सर्रास सांगतात. ती करू नका. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट बिथरतात. शिवाय क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा भारताच्या औषध नियंत्रकांचाच आदेश आहे.

सोबत पॅरासिटामॉल, २०० मिलिलिटर पाण्यात घालायच्या ओआरएसच्या छोट्या पुड्या, थर्मामीटर आणि नेहमीचं औषध न्या. पॅरासिटामॉलमध्ये चूक होते ती तीव्रतेत. डॉक्टर साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे १२ किलोच्या मुलाला १८०. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ते साडेसात मिलिलिटर होतं, २५० वाल्या बाटलीतून जेमतेम साडेतीन. तिकडे विकत घेतलेल्या बाटलीची तीव्रता आणखी वेगळी असू शकते. बालरोगतज्ज्ञांकडून मूळ औषधाच्या नावाने आणि मिलिग्रॅममध्ये चिठ्ठी लिहून घ्या. गोवराची लस झाली आहे ना, हेही त्याच भेटीत बघा. युरोपातही गोवराच्या साथी येतात.

पोहोचल्यावर

इमिग्रेशनच्या रांगेत निमंत्रण, परतीचं तिकीट, विमा आणि जन्मदाखला कागदावर हातात असू द्या. फोन तेव्हा नेमका नेटशिवाय असतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली असून तिच्यात चेहऱ्याचा फोटो घेतात, लहान मुलांचाही. पुढचं विमान किंवा आगगाडी असेल तर मध्ये तीन तास ठेवा.

गाडीची बालसीट आत्याने आधीच आणून ठेवायला हवी. जर्मनीत बारा वर्षांखालच्या, दीडशे सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला ती सक्तीची आहे. मांडीवर घेऊन बसणं चालत नाही. आत्याला मुलाचं वजन आणि सेंटिमीटरमधली उंची आधी कळवा. पंधरा महिन्यांखालच्या मुलाची सीट मागे तोंड करून लागते. जर्मन रेल्वेत सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही.

घरात शिरल्यावर पहिल्यांदा खिडक्या बघा. आपल्याकडे प्रत्येक खिडकीला जाळी किंवा गज, म्हणून मूल खिडकीला बिनधास्त लटकतं. युरोपातल्या खिडकीला गज नसतात. तीच मूठ आडवी केली की पल्ला सताड उघडतो, वर केली की फक्त वरून कलतो. खिडकीखालचा पलंग, खुर्ची, खेळण्यांची पेटी हलवा आणि मुलाच्या खोलीतली खिडकी फक्त कलती ठेवा. न्हाणीघरात टबाबाहेर जमिनीला बहुधा मोरीच नसते. बादली घेऊन बाहेर आंघोळ घातली तर पाणी खालच्या शेजाऱ्याच्या छतात उतरतं. आणि फोडणी देताना झाकण ठेवा, वरचा पंखा लावा, कारण जर्मन घरांत धुराचा भोंगा सक्तीचा आहे आणि मोहरी-हिंगाचा धूर त्याला आगच वाटतो. रविवारी दुकानं बंद असतात, डायपर शनिवारी आणा.

झोपेचा हिशेब असा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. बडोद्यात साडेनऊला झोपून सातला उठणारं मूल तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला पेंगतं आणि पहाटे साडेतीनला खेळायला उठतं. झोपायची वेळ रोज तासाभराने पुढे ढकला: पहिल्या दिवशी सात, मग आठ. दुपारची झोप दीड तासावर थांबवा आणि संध्याकाळी उजेडात बाहेर फिरवा. पहाटे उठलं तर दिवा आणि मोबाइल नको. जूनमध्ये तिकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे खिडकीचा बाहेरचा पडदा पूर्ण खाली घ्या. यजमानांना सांगून ठेवा की पहिले तीन दिवस जेवणाची आमंत्रणं नकोत. युरोपीय सासरच्या मंडळींना हे लगेच पटतं, आपल्याच माणसांना समजवावं लागतं.

आजारपणात ११२ हा आणीबाणीचा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात चालतो. जर्मनीत रात्री-सुट्टीच्या दिवशी साध्या तापाला ११६११७ वर डॉक्टर मिळतो. छोट्या खर्चाचं बिल स्वतः भरून पावती ठेवा. मुलाला रुग्णालयात दाखल करायची वेळ आली तर मात्र आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा, नाहीतर दावा अडतो.

परतीची झोप जास्त छळते. तिकडचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इकडचा एक, आणि पूर्वेकडे येताना मुलाला लवकर झोपवणं हे उशिरा झोपवण्यापेक्षा अवघड. सकाळी सहा-साडेसहाला उठवून उजेडात काढलं तर चार-पाच दिवसांत गाडी रुळावर येते. म्हणून शाळा सोमवारी सुरू होणार असेल तर बडोद्यात आधीच्या बुधवारी पोहोचेल असंच परतीचं तिकीट काढा.